बॅटरी बदला, पण गाडीची आठवण जपा



गाडी चालवून संसार करणारी मंडळी आपल्या वाचकांत थोडी नाहीत. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी शाळेच्या मुलांची व्हॅन, कोणी मालकाची गाडी महिन्याच्या पगारावर. अलीकडे काही भगिनीही या व्यवसायात आल्या आहेत. कित्येकांच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या मंडळींच्या एका नेहमीच्या तक्रारीविषयी आज आम्ही लिहीत आहोत. तक्रार अशी : "बॅटरी नवी टाकली आणि गाडी बिघडली!"

बिघडली म्हणजे काय? घड्याळ बारावर जाऊन बसले. टेप सुरू करावा तर तो कोड मागतो. काच एका बोटाने आपोआप वर जात असे, ती आता मध्येच अडते. सिग्नलला गाडी उभी केली की इंजिन कमी-जास्त होते, कधी बंदही पडते. डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा लागून राहतो. घाबरलेला ड्रायव्हर गॅरेजमध्ये जातो. तेथे प्रामाणिक माणूस भेटला तर ठीक. नाही तर "कॉम्प्युटर गेला" असे सांगून हजारो रुपयांचा आकडा पुढे केला जातो. पुष्कळदा कॉम्प्युटर गेलेला नसतो. त्याची फक्त आठवण पुसली गेलेली असते. हा फरक ज्याला कळला, त्याचे पैसे वाचले.

आधी हे कसे घडते ते पाहू. मुंबईच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आपणांस आठवत असेल. तिची शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. पद्मिनीला कार्बुरेटर होता, कॉम्प्युटर नव्हता. तिची बॅटरी काढा, आठवडाभर बाजूला ठेवा, पुन्हा लावा; गाडीला काही विसरण्यासारखे नव्हतेच. पण २००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झाले. आजच्या साध्या गाडीतही इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, काचा, कुलपे यांना वेगवेगळे लहान कॉम्प्युटर असतात. गाडी बंद असली तरी त्यांतले काही अर्धवट झोपेत जागे असतात.

या कॉम्प्युटरची आठवण दोन प्रकारची असते. एक दगडावर कोरल्यासारखी. वीज गेली तरी ती जात नाही. गाडी किती किलोमीटर चालली आणि कोणती किल्ली आपली, ही माहिती साधारणपणे या प्रकारात येते. म्हणून बॅटरी काढल्याने किलोमीटर शून्य होतील किंवा किल्ली परकी होईल, ही भीती बाळगू नये. दुसरी आठवण पाटीवर पेन्सिलीने लिहिल्यासारखी. वीज मिळते आहे तोवर ती टिकते, वीज तुटली की पाटी कोरी. घड्याळ, रेडिओची स्टेशने, काच नेमकी कोठे थांबते याचा अंदाज, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरने दिवसेंदिवस शिकलेले बारीक हिशेब या प्रकारात येतात. तुमच्या गाडीला उभ्या स्थितीत किती हवा लागते, किती इंधन लागते हे कॉम्प्युटर चालता चालता शिकतो. पाटी पुसली की त्याला पुन्हा शिकावे लागते, आणि तोपर्यंत गाडी अडखळते.

आता कामाकडे वळू. पण थांबा. बॅटरी खरोखर गेली आहे काय, हे प्रथम पाहावे. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. घरात आयटीआय किंवा विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी वा मुलगा असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. पुस्तकातला धडा हातात येईल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू करण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी सुरू करून पुन्हा मोजावे. बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो १२ वरच अडला असेल तर दोष चार्जिंगचा आहे, म्हणजे अल्टरनेटरचा, पट्ट्याचा किंवा वायरचा. मग नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर तीही वीज अडविते. टोके सोडवून, खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत. पुष्कळ "मेलेल्या" बॅटऱ्या एवढ्याने जिवंत होतात. अर्थात टोके सोडविली की आठवणीचा प्रश्न येतोच, म्हणून पुढील माहिती तेव्हाही उपयोगी पडेल.

बॅटरी बदलायचीच ठरली तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. इंजिन चालू ठेवून बॅटरी कधीही काढू नये. काही जुने मिस्त्री अजून असे करतात. "गाडी चालू आहे, सेटिंग जाणार नाही," असे ते सांगतात. पद्मिनीच्या काळात ते खपून गेले. आज ते घातक आहे. चालू इंजिनात अल्टरनेटर जी वीज तयार करतो तिचे चढउतार बॅटरी सोसून घेते. ती अचानक काढली की विजेचा झटका बसतो. संरक्षण नसलेल्या गाडीत हा झटका क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंतही जाऊ शकतो. बारा व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला तो कसा सोसावा? घड्याळाची वेळ वाचविण्यासाठी हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जाळण्यात शहाणपण नाही. मिस्त्री वयाने मोठा असला तरी त्याला नम्रपणे सांगावे, "काका, आधी गाडी बंद करा."

मग आठवण जपायची कशी? मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलचा. हा सेल सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणाऱ्या पिनेला जोडून विकतात. स्वस्त आहे, पण भरवशाचा नाही. झोपलेली गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर एवढीच वीज खाते, तेवढे हा सेल थोडा वेळ पुरवील. पण कोणी दार उघडले आणि आतला पाच वॅटचा दिवा लागला, की त्या एका दिव्यालाच सुमारे ४०० मिलिअँपिअर लागतात. सेल लगेच दमतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत किल्ली बंद केली की ही खोबण बंद होते. मग सेल लावला काय आणि न लावला काय, सारखेच.

दुसरा मार्ग स्टिअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटचा. यालाच ओबीडी सॉकेट म्हणतात. गॅरेजवाले स्कॅनर येथेच लावतात. या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीची अधिक वीज थेट येते, आणि ४ नंबरची पिन बॉडीला, म्हणजे उणे बाजूला जोडलेली असते. या सॉकेटसाठी तयार केबल मिळते, तिला मेमरी सेव्हर म्हणतात. तिचे दुसरे टोक एका लहान बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडायचे. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी या कामी उत्तम. केबल घेताना तिच्यात फ्यूज आणि डायोड आहे ना, हे विचारून घ्यावे. डायोड म्हणजे विजेचे एकाच दिशेला उघडणारे दार. ते नसेल तर गाडीच्या भरलेल्या बॅटरीची वीज उलटी लहान बॅटरीत धावू शकते आणि फ्यूज उडू शकतो. पिनांत उघड्या तारा खुपसून घरी जुगाड करू नये. एक तार चुकीच्या पिनेला लागली तर ज्यासाठी खटाटोप केला तेच जळेल.

तिसरा मार्ग बॉनेटखालीच दुसरी बारा व्होल्टची बॅटरी गाडीच्या दोन केबलांना समांतर जोडण्याचा. अधिकाला अधिक, उण्याला उणे. गॅरेजवाले हा वापरतात. पण जाड जंपर केबलमध्ये फ्यूज नसतो, चिमटा निसटला तर ठिणगी उडते. नवख्याने याच्या वाटेला जाऊ नये.

या मार्गांतला एक धोका समजून घ्या, कारण तो कोणी सांगत नाही. नेहमीच्या पद्धतीत आपण बॅटरीचे काळे उणे टोक आधी सोडवितो. ते सुटले की गाडीच्या बॉडीशी बॅटरीचा संबंध तुटतो. मग लाल अधिक टोक सोडविताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. आपली सुरक्षितता या क्रमात आहे. पण मेमरी सेव्हर लावला की गाडीच्या लाल केबलमध्ये वीज राहतेच, आणि बॉडीही जिवंत असते. बॅटरी काढली म्हणून सुटलेले लाल टोक मेलेले आहे असे समजून ते बॉडीला टेकू दिले, तर शॉर्ट होईल. फ्यूज उडेल, आणि आठवणही जाईल. म्हणून लाल टोक सुटल्याबरोबर त्यावर जाड रबरी हातमोजा चढवावा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधावा.

आता क्रमाने काम सांगतो.

१) सुरुवात वहीपासून. रेडिओचा कोड कोठे आहे ते शोधा. गाडीसोबत आलेल्या पुस्तकाच्या पाकिटात एक लहान कार्ड असते. ते घरच्या कागदपत्रांच्या पेटीतही असू शकते. कोड चार-पाच वेळा चुकीचा घालत बसू नका. टेप स्वतःला कुलूप लावून घेतो. कार्ड हरवले असेल तर आरसी बुक घेऊन अधिकृत डीलरकडे गेल्यास कोड मिळू शकतो. बॅटरी काढण्यापूर्वी जा.

२) जुन्या बॅटरीवरील पूर्ण नंबर उतरवा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांत एका अक्षराचा फरक आहे, पण टोकांच्या बाजू उलट असतात. चुकीची आणली तर केबल पोचणार नाही, आणि ओढून ताणून उलटी जोडली तर फार मोठे नुकसान होईल. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. साधी स्वस्त म्हणून टाकल्यास ती लवकर जाते.

३) गाडी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर मालकाला आधी फोन करा. प्रवासी गाडीत बसविलेल्या ट्रॅकिंग यंत्राला स्वतःची लहान बॅटरी असते. मुख्य बॅटरी तोडली की ते लगेच तशी सूचना पाठविते. विनाकारण संशय नको. एका फोनने नोकरीतली कटकट टळते.

४) गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटतो. विडी-सिगारेट दूर. गाडी सीएनजीची असून गॅसचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या, कारण आत गंधकाम्ल आहे. ते अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे. डोळ्यात गेले तर धुणे न थांबविता डॉक्टरांकडे जावे.

५) इंजिन बंद, सर्व दिवे बंद, आतला छताचा दिवाही बंद. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा. वीज तुटताना-जोडताना कुलपे आपोआप लागू शकतात. किल्ली आत आणि आपण बाहेर, असे व्हायला नको.

६) मेमरी सेव्हर सॉकेटमध्ये लावा. वायर काचेतून बाहेर घेऊन दार लावून टाका. दहा मिनिटे थांबा, म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर झोपी जातील. येथून पुढे किल्ली फिरवू नये, दार उघडू नये.

७) बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी काळे टोक, मग लाल टोक सोडवा. लाल टोक लगेच झाका. पट्टी सोडवून बॅटरी दोन्ही हातांनी सरळ उचला. लहान गाडीचीही बॅटरी नऊ-दहा किलोची असते, वाकडी धरल्यास आम्ल सांडते.

८) नवी बॅटरी बसवून पट्टी घट्ट करा. हलणारी बॅटरी लवकर मरते. आता क्रम उलटा : आधी लाल, शेवटी काळे. हाताने हलवून पाहा, टोक फिरता कामा नये. मग मेमरी सेव्हर काढा आणि गाडी सुरू करा.

काम शांतपणे केले तर अर्ध्या तासात होते.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो. मेमरी सेव्हर नसला म्हणून अडत नाही. गाडी साधी असेल आणि रेडिओचा कोड हाताशी असेल, तर सरळ बॅटरी बदलून गाडीला पुन्हा शिकविणे हाच सोपा मार्ग आहे. काच अडत असेल तर बटण वर ओढून काच पूर्ण बंद होऊ द्यावी आणि बटण आणखी काही सेकंद तसेच धरावे. बहुतेक गाड्यांत एवढ्याने काच आपली जागा ओळखते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते. स्टिअरिंगचा किंवा घसरण-नियंत्रणाचा पिवळा दिवा लागला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून सरळ करावे. नंतर थोडे अंतर गाडी चालविली की तो सहसा विझतो. इंजिन अडखळत असेल तर एसी, दिवे, पंखा बंद ठेवून दहा मिनिटे ते उभ्या गाडीत चालू द्यावे, मग काही किलोमीटर रहदारीत आणि काही मोकळ्या रस्त्यावर चालवावे. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. तेवढ्यातही दिवा विझला नाही, तरच स्कॅनर लावायला जावे. गेल्यावर "कॉम्प्युटर बदला" हे ऐकण्यापूर्वी "स्कॅनरवर कोणता कोड आला, तो कागदावर लिहून द्या" असे म्हणावे. लिहून मागणाऱ्याला फसविणे अवघड जाते.

काही गाड्यांना मात्र घरी हात लावू नये. हायब्रीड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही बारा व्होल्टची लहान बॅटरी असते, पण शेजारी नारिंगी रंगाच्या केबलांत जीवघेणी वीज असते. काही महागड्या गाड्यांत उण्या टोकावर बॅटरीची प्रकृती मोजणारे यंत्र असते आणि नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाही तर गाडी तिला जुनी समजून चार्ज करीत राहते. मालकाची गाडी अशी असेल तर ती अधिकृत ठिकाणी न्यावी, हेच ड्रायव्हरने सुचवावे. आणि एअरबॅगचे किंवा वेल्डिंगचे काम असेल तेव्हा मेमरी सेव्हर मुळीच लावू नये. तेथे वीज पूर्ण तुटलेलीच हवी, सेटिंग गेली तरी चालेल.

शेवटी जुन्या बॅटरीविषयी. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते, म्हणून तिला भंगारात भाव येतो. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो. दारावरचा भंगारवाला कधी शंभर-दोनशे रुपये जास्त देतो. मोह होतो. पण ती बॅटरी पुढे कोठे जाते? बऱ्याचदा वस्तीच्या कडेला एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ती घणाने फोडली जाते. आम्ल गटारात जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते. त्याची धूळ फोडणाऱ्याच्या कपड्यांबरोबर घरी येते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या शेडमध्ये घण मारणारा माणूस कोण असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. पोटासाठी तो ते करतो. दोष त्याचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच द्यावी, बिलावर तशी नोंद घ्यावी आणि वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का घेऊनच दुकानाची पायरी उतरावी. दोनशे रुपये सोडले तर कोणा एका घरातले मूल वाचते.

पूर्वी उस्ताद आपले हुन्नर चेल्यालाही पुरते सांगत नसे. सांगितले तर आपली किंमत कमी होईल, असे त्याला वाटे. आम्हांला तसे वाटत नाही. वरील आठ कलमे कागदावर उतरून घ्या, गाडीच्या कप्प्यात ठेवा आणि स्टँडवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरलाही द्या. नव्या बॅटरीवर रंगाने आजची तारीख लिहा. तीन-चार वर्षांनी ती पाहून, बॅटरी रस्त्यात दगा देण्यापूर्वीच तुम्ही मल्टिमीटर हातात घ्याल.